बाजीराव रस्त्यावरील एक सकाळ

थोरल्या वहिनींच्या नातवानें कोथरुडास नवें बिऱ्हाड मांडलें आहे. त्याच्या दिवाणखान्यास वाड्याची कळा आणावी, अशी नातसुनेची हौस. जुनीं घरें आंतून कशीं सजलेलीं असत तें दाखवा, असा तिनें आमच्यामागें लकडा लाविला. तेव्हां गेल्या माघांत एके दिवशीं सकाळीं आम्ही तिला घेऊन पुण्याच्या बाजीराव रस्त्यास गेलों. ऐंशी उलटलेल्या वहिनीहि, नको नको म्हणत असतां, बरोबर निघाल्या.

प्रथम विश्रामबाग वाडा पाहिला. तो दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास बांधविला. दर्शनी खांब सागवानी असून त्यांस सुरूच्या झाडाचा घाट दिलेला आहे. हा घाट मूळचा मोगली. म्हणजे आज आपण ज्यास अस्सल मराठी थाट म्हणतों, तीहि एका काळची बाहेरून आलेली टूमच होती! १८१८ त पेशवाई बुडाली आणि १८२१ पासून याच वाड्यांत संस्कृत पाठशाळा भरूं लागली. ज्यांचा जन्म धातूंचीं रूपें घोकण्यांत व घोकविण्यांत गेला, अशा आमच्यासारख्यांस ही वास्तु तेवढ्यासाठींच पूज्य वाटते. १८७९ च्या आगींत वाड्याचा पुढला भाग जळाला व तो मागाहून पुन्हां उभारण्यांत आला.

नातसून खांबांच्या तसबिरी घेत होती. “आजोबा, असा एक तरी खांब कोठें मिळेल का हो?” तिनें विचारलें.

या प्रश्नानें आम्ही ओशाळलों. असे चार खांब आमच्या घरीं होते. १९८४ सालीं आम्हीं स्वतः उभें राहून त्यांस हिरवा तैलरंग देवविला; कां, तर काळवंडलेलें लांकूड दरिद्री दिसतें! त्याच वर्षीं लोड-तक्के माळ्यावर गेले आणि बैठकीच्या जागीं रेग्झिनचा सोफा आला. मेजांस सनमायका चढला. पुढील दालनांतील शहाबादी फरशी उखडून तेथें मोझॅइक घातलें, तेंहि पुढें जुनाट ठरलें. २००९ त वाडा पाडला तेव्हां ते खांब मक्तेदारानें जळाऊ लांकडाच्या भावांत नेले. आतां तसलेच खांब रंग खरवडून, आडवे कापून, वर कांच बसवून चहाचीं मेजें म्हणून विकले जातात. आणि किंमत ऐकून आमच्यासारख्या पेन्शनरानें मुकाट्यानें पुढें चालूं लागावें.

तेथून थोड्याच अंतरावर, शुक्रवार पेठेंत, राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय आहे. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास प्रारंभ केला, आणि अकालीं गेलेल्या राजा या पुत्राचें नांव संग्रहास दिलें. लोक ज्यास अडगळ म्हणत तें त्यांनीं प्रेमानें गोळा केलें: दिवे, अडकित्ते, वज्र्या, गंजिफा, कोरींव दरवाजे. कोथरुडांतील मस्तानीचा महालहि येथें आणून उभारलेला आहे. कोथरुडाचा महाल पेठेंत आला, आणि आमची नातसून पेठेंतला वाडा कोथरुडास नेऊं पाहते, हा योग मोठा मौजेचा!

स्वयंपाकाच्या भांड्यांपाशीं वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, सगळं आहे हो. धूर तेवढा नाहीं.”

आम्ही हंसलों, त्या हंसल्या नाहींत. “माजघरांत भर दुपारीं दिवा लावावा लागे. मी १९६३ त या घरांत आलें. दिवाणखाना सुंदर होता खरा. पण त्यांत बसायला आम्हांला कधीं मिळालं?”

यावर आम्हांस कांहींच बोलतां येईना. कारण एक गोष्ट त्यांनीं सांगितली नाहीं, ती आम्हांस आठवली. १९८४ त हातीं चार पैसे होते, तेव्हां वहिनींनीं माजघराच्या भिंतीला एक खिडकी पाडून मागितली होती. ‘पुढल्या वर्षीं पाहूं’ असें आम्ही म्हणालों आणि सोफा घेऊन आलों. तें पुढलें वर्ष उजाडलें नाहीं. वाड्याचा दिवाणखाना, झोपाळा, कोनाडा यांची आज सर्वांस ओढ लागली आहे. माजघर परत आणा, असें म्हणणारी एकहि बाई आम्हांस अद्याप भेटली नाहीं.

गेल्या आठवड्यांत नव्या बिऱ्हाडीं जेवावयास गेलों होतों. सिमेंटच्या तक्तपोशीस खालून फळ्या ठोकून कडीपाट केला आहे. वरचा भार त्यांच्यावर नाहीं, तो सोसणारें लोखंड वर निराळेंच आहे. कोनाड्यांत विजेचा दिवा. त्यामुळें तेलाचा ओघळ नाहीं कीं काजळी नाहीं. दाराशीं घंगाळ असून त्यांत पाणी व झेंडूचीं फुलें आहेत. एके काळीं त्यांत आमचीं स्नानें होत, हें आम्हीं सांगितलें नाहीं. पण एकंदरींत दिवाणखाना दिसतो देखणा. पोरीला दृष्टि आहे.

वहिनी तेथें क्षणभर टेकल्या आणि सरळ स्वयंपाकघरांत गेल्या. तेथें पूर्वेकडे हातभर रुंद ओट्यामागें मोठी थोरली खिडकी आहे. तिच्यापाशीं खुर्ची ओढून त्यांनीं कोथिंबीर निवडावयास घेतली, ती पानें मांडीपर्यंत कांहीं त्या उठल्या नाहींत. आम्ही झोपाळ्यावर बसलों होतों. त्याच्या कड्या फार करकरतात. निघतांना तेल घालून आलों.