जुन्या सायलेन्सरचं वजन

पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंडीच्या चढावर आमची टाटा ११०९ एकदम फाटक्या आवाजात ओरडायला लागली. खाली वाकून पाहिलं तर सायलेन्सर फ्लँजपाशी चिरला होता आणि मागचा पाइप स्पार्क अरेस्टरसकट कुठेतरी गळून पडला होता.

गाडी रिकामी होती, हे नशीबच. आमचं काम तारापूर एमआयडीसीतून सॉल्व्हंटचे ड्रम भिवंडीला पोचवण्याचं. धोकादायक माल वाहणाऱ्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियम १२९-अ प्रमाणे स्पार्क अरेस्टर लागतोच. नसेल तर कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे. धुराबरोबर काजळीचे जळते कण बाहेर येतात. अरेस्टरमधली पाती धुराला गरगर फिरवतात, कण कडेला फेकले जातात आणि तिथेच विझतात. जानेवारी २०२० मध्ये कोळवड्याच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा बोईसरात आमच्या खिडक्या थरथरल्या होत्या. त्याचं कारण वेगळं होतं, पण त्या संध्याकाळपासून ठिणगीची भीती माझ्या मनात कायमची बसली आहे.

बोईसरात कंपनीचा सायलेन्सर साडेसात हजार, लोकल तीन हजार दोनशे. लोकल घ्यायला मी पैसे काढलेही होते. आमचे मिस्त्रीकाका म्हणाले, "थांब रे, आधी आपला जुना काट्यावर ठेव."

शेजारच्या भंगारवाल्याकडे ठेवला. खाऱ्या हवेने आणि पावसाने भोकं पडलेला तो जुना डबा सव्वाबारा किलो भरला. नवाकोरा लोकल आठ किलो! चार किलो लोखंड कुठे गेलं, ते काकांनी हलवून दाखवलं: आत पडदे कमी, आणि मधला पाइप बारीक. धुराला वाट अपुरी मिळाली की बॅकप्रेशर वाढतं, टर्बो तापतो, डिझेल जास्त जातं. स्वस्तातला माल रोज पंपावर पैसे घेत राहतो.

मग दोन दिवस ताणकाटा घेऊन फिरलो. पालघरात काही जमलं नाही. मनोरला हायवेलगतच्या एका दुकानात, माळ्यावर, धुळीत एक पडलेला दिसला. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा, सलग वेल्डिंग, हलवला तर आत काही खुळखुळत नव्हतं. वजन तेरा किलो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या सायलेन्सरच्या डब्यातच फिल्टर आणि कॅटॅलिस्ट असतो, तिथे असला सुटा माल चालत नाही. आमच्यासारख्या जुन्या बीएस-३ गाड्या कमी होत चालल्या, म्हणून दुकानदाराचा माल अडकलेला.

"दादा, चार हजार सहाशे द्या, बिलासकट," तो म्हणाला. मी शंभरही कमी करायला लावले नाहीत. त्याच्याकडूनच नवा अरेस्टर घेतला, गॅस्केट आणि यू-क्लॅम्पही नवे घेतले.

काकांनी संध्याकाळपर्यंत सायलेन्सर बसवून दिला. हँगरची रबरंही त्यांनी बदलली, कारण डबा लटकता राहिला तर फ्लँज पुन्हा चिरणार. पीयूसीला धूर ६५ एचएसयूच्या मर्यादेच्या बराच खाली आला.

दुसऱ्या दिवशी गेटवर रखवालदार बॅटरी घेऊन गाडीखाली वाकला. अरेस्टरवर काठीने दोनदा टकटक केलं, वहीत नंबर लिहिला आणि दांडा वर केला.