मानेवरचा काळेपणा आणि उटणं

आमच्या इंदुरात दिवाळीचं उटणं घरीच व्हायचं. सियागंजातून आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा आणायचा नि मसुराच्या पिठात मिसळायचा. नातीची मान काळवंडली, तशी ती बाजारचं खरखरीत स्क्रब रोज घासू लागली. त्वचा सोलवटली, डाग आणखी गडद झाले. सून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, "हा मळ नव्हे, घासून जाणार नाही. आधी शुगर बघू." जाडसर, मखमली काळी मान म्हणजे इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. शुगर थोडी वाढलेली निघाली. आता पोह्यांबरोबरची जलेबी बंद, सकाळी माझ्यासोबत नेहरू पार्कात फिरणं सुरू. उटणं दिवाळीला जरूर लावा, दुधात कालवून, हलक्या हातानं. पण घरातल्या लेकीसुनेची मान अशी दिसली, तर स्क्रब निवडण्याआधी रक्त तपासून घ्या.