रुस्ताकचे उन्हाळे

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा मंडळाच्या चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नकारच कळविला होता. मी लेखिका नव्हे. गेली बावीस वर्षे वाक्वाच्या परिसरात मुलांकडून मराठीची बाराखडी गिरवून घेणारी एक शिक्षिका आहे. परंतु गेल्या डिसेंबरात ओमान देशात माझे तीन आठवडे गेले, आणि तेथे एका शब्दाने माझी अशी काही फजिती केली की ती आपल्या लोकांना सांगितल्यावाचून मला चैन पडेना.

माझा धाकटा भाऊ सोहार येथील औद्योगिक वसाहतीत एका लोखंडाच्या कारखान्यात फिटर आहे. आमच्या वडिलांप्रमाणे तोही साखर कारखान्यातच कामास लागला होता. पुढे युरोपने २००६ ते २००९ या वर्षांत आपल्या साखरेचा हमीभाव एक-तृतीयांशाहून अधिक उतरविला, आणि आपल्या बेटावरील गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. आज तीनच उरल्या आहेत, हे वाचकांस ठाऊकच आहे. भावाच्या हाती कसब होते, काम नव्हते. तो करार करून ओमानला गेला. दोन वर्षांसाठी म्हणून गेलेला माणूस अकरा वर्षे तेथेच आहे. आईला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. निघताना तिने मला एवढेच बजावले, "त्याला घेऊन ये." मी मोठी बहीण, शब्द दिला.

सोहार हे नाव जुने आहे. तांब्याच्या खाणी, अरबांची गलबते, सिंदबादच्या गोष्टी यांनी ते एके काळी गाजले होते. मला मात्र प्रथम जे दिसले ते निराळेच. वसाहतीची स्थापना १९९२ सालची. २००२ साली रॉटरडॅम बंदराशी भागीदारी करून ओमान सरकारने समुद्रकाठी नवे बंदर उभारावयास घेतले, आणि तेव्हापासून या भागाचा पसारा वाढतच गेला. सरळ रेषेत आखलेले रस्ते, पत्र्याची अवाढव्य गोदामे, धुराडी, मालमोटारींची रांग, आणि या साऱ्याच्या पाठीमागे हजर पर्वताची उघडी, तपकिरी भिंत. झाड म्हणून जे आहे ते नळाच्या पाण्यावर. सायंकाळी कामाची पाळी सुटली की निळ्या व करड्या कपड्यांतील माणसांचे लोंढे बसगाड्यांकडे चालू लागतात. त्यांत केरळचे, बिहारचे, बंगालचे, पाकिस्तानचे, नेपाळचे लोक असतात. आणि कान देऊन ऐकले तर मधूनच एखादे मराठी वाक्यही कानी पडते.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही भावंडे घरी क्रिओल बोलत वाढलो. मराठी मी मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत शिकले, परीक्षा दिल्या, प्रमाणपत्रे मिळविली. भावाने शाळेतच मराठीचा नाद सोडला होता. तोच भाऊ सोहारच्या कामगार-निवासात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडील सोबत्यांच्या संगतीत असे मराठी बोलू लागला आहे की मी थक्क झाले. त्याच्या बोलण्यात व्याकरण नाही, पण वारा आहे. त्याच्या खोलीतला एक प्रौढ सोबती राजापूर तालुक्यातला. माझे बोलणे ऐकून तो नम्रपणे म्हणाला, "बाई, तुमचं मराठी छापील आहे." ती स्तुती होती की टीका, हे अद्याप मला उमगलेले नाही.

शुक्रवारी सुटी असते. भावाने एका मित्राची मोटार मागून आणली, आणि आम्ही तिघे, म्हणजे भाऊ, तो राजापूरकर आणि मी, रुस्ताक पाहावयास निघालो. बातिना नावाच्या किनारपट्टीच्या मैदानातून दक्षिणेकडे सुमारे दीडशे किलोमीटर जावे लागते. २०२१ च्या ऑक्टोबरात 'शाहीन' नावाचे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले होते. चक्रीवादळ म्हणताच आपल्या बेटावरचा माणूस जागा होतो. भावाने त्या रात्रीची हकीगत सांगितली, आणि ती आईला आजपर्यंत कळलेली नाही हेही सांगितले.

मैदान संपून रस्ता डोंगरात वळतो, तेथे रुस्ताक आहे. चहूकडे गवताची काडी नसलेले कडे, आणि मधल्या खोऱ्यात एकाएकी खजुरांची गर्द बाग. हे गाव एके काळी ओमानची राजधानी होते. १६२४ साली नासिर बिन मुर्शिद याची इमाम म्हणून निवड येथेच झाली, आणि त्याच्या घराण्याने पुढे पोर्तुगिजांना या किनाऱ्यावरून हुसकावून लावले. पुढच्या शतकात अहमद बिन सईद नावाचा सोहारचा सुभेदार इराणी वेढ्याला पुरून उरला, इमाम झाला, आणि त्याने रुस्ताकला आपली गादी केली. १७८३ साली तो वारला. त्याची कबर येथल्या किल्ल्यात आहे, आणि त्याचेच घराणे आज ओमानवर राज्य करीत आहे. किल्ला चार बुरुजांचा. एकाला वाऱ्याचा बुरूज म्हणतात, दुसऱ्याला सैतानांचा. आत जाण्याचा योग आला नाही, बाहेरूनच पाहिला. खरे सांगावयाचे तर माझे लक्ष किल्ल्यात नव्हतेच. भावाशी बोलावयाचे होते, आणि बोलण्यास जागा सापडत नव्हती.

किल्ल्यापासून थोड्या अंतरावर 'ऐन अल-कसफा' नावाचा झरा आहे. ऐन म्हणजे झरा. अरबीत डोळ्यालाही हाच शब्द आहे. पाणी सुमारे ४५ अंश उष्णतेचे, गंधकाचा किंचित वास असलेले. संधिवात आणि त्वचेचे विकार यांवर ते गुणकारी मानतात, म्हणून लांबून लोक येतात. स्त्रीपुरुषांस स्नानाची निरनिराळी सोय आहे. तेथून पाणी दगडी पाटांनी वाहत वाहत बागांकडे जाते, आणि वाटेत निवत जाते. या पाटाला 'फलज' म्हणतात. डोंगराच्या पोटातून, ओढ्यातून किंवा झऱ्यातून आणलेले पाणी केवळ उताराच्या बळावर, पंपाशिवाय, मैलोन्‌मैल नेण्याची ही विद्या फार प्राचीन आहे. दाऊदपुत्र सुलेमानाने जिनांकडून हे पाट दहा दिवसांत खणवून घेतले, अशी तेथील आख्यायिका.

पाटाकाठी एक वृद्ध शेतकरी बसला होता. त्या देशातील पुष्कळ वडीलधाऱ्यांना हिंदी येते. त्याने आम्हांस थर्मासातली कॉफी आणि खजूर दिले, आणि पाण्याची वाटणी समजावून सांगितली. पाणी गावात शिरले की आधी पिण्यासाठी, मग मशिदीसाठी व स्नानासाठी, आणि त्यानंतरच बागांकडे. बागांचे वाटे वेळेने मोजतात. दिवसा काठीच्या सावलीवरून आणि पूर्वी रात्री ताऱ्यांवरून मोजीत, आता मनगटावरच्या घड्याळाने. अर्ध्या तासाच्या वाट्याला 'अथर' म्हणतात. कोणाचा वाटा वडिलोपार्जित, कोणाचा विकत घेतलेला, कोणाचा मशिदीला दिलेला. खजुराच्या सावलीत लिंबे, आंबे, केळी, गुरांसाठी लसूणघास. वाटा संपला की म्हातारा उठून पाटाच्या तोंडाशी चिंध्यांचा आणि मातीचा बोळा बसवितो, शेजाऱ्याचे तोंड मोकळे करतो, आणि परत येऊन कॉफी पितो. उसाच्या मळ्यावर आपल्या आज्यांना एका नळापाशी पहाटे तीनपासून रांग धरावी लागे, आणि कोणाची घागर आधी यावरून भांडणे होत, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्या म्हाताऱ्याच्या शांतपणाचे माझ्याइतकेच नवल वाटेल.

ओमानच्या पाच फलजांना युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतला 'अल-मुयस्सर' हा रुस्ताकचाच. तो मान मिळाला २००६ च्या जुलैत, व्हिल्नियस येथील सभेत. त्याच सभेत आपल्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाचे नावही त्या यादीत घातले गेले. हे मी भावाला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो पाटात पाय सोडून बसला होता. म्हणाला, "म्हणजे ज्या पायऱ्यांवरून आपले लोक उतरले त्या पायऱ्या, आणि हे पाणी, एकाच दिवशी मोठे झाले." तो खरा दिवसही एकच होता की नव्हता, हा खल मी तेथे केला नाही. मास्तरकी कधी आवरावी हे मला उशिरा का होईना, कळू लागले आहे.

आता तो शब्द. राजापूरकर स्नान करून, डोके पुशीत आला आणि सहज म्हणाला, "बाई, हे उन्हाळं आमच्या राजापूरच्यासारखंच की!"

मी विचारले, "उन्हाळा? डिसेंबर चालू आहे."

तो हसला. "उन्हाळा नव्हे हो, उन्हाळं. कढत पाण्याचा झरा. आमच्याकडे झऱ्यालाच उन्हाळं म्हणतात, आणि गावाचं नावही उन्हाळे. माझी आई गुडघ्यांसाठी तिथं अंघोळीला जायची."

वाचकहो, माझ्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. माझी आजी म्हणत असे, "आपण उन्हाळ्याकडची माणसं." तिला ते तिच्या सासूने सांगितलेले. मी तेव्हा संस्थेत नुकतीच शिकू लागले होते; अंगात नव्या विद्येचा ताठा होता. मी तिला म्हणाले होते, "आजी, उन्हाळा हा ऋतू आहे. ऋतूकडची माणसे नसतात." ती ओशाळली. त्यानंतर माझ्यासमोर तिने ते वाक्य पुन्हा उच्चारले नाही. पुढे तिच्या मृत्यूनंतर मी खापरपणजोबांच्या नोंदीची नक्कल मिळविली. सन १८६४, मुंबईहून, वय बावीस, जिल्हा रत्नागिरी. आणि गावाच्या रकान्यात कारकुनाने आपल्या कानाला ऐकू आले तसे रोमन अक्षरांत काहीतरी लिहिलेले, जे मी 'ऊनाला' असे वाचले आणि लेखनदोष म्हणून सोडून दिले.

आजीचे व्याकरण बरोबर होते. 'उन्हाळे' या शब्दाचे सामान्यरूपही 'उन्हाळ्या' असेच होते. मी तेच मुलांना फळ्यावर शिकविते.

राजापूरकराने मात्र माझा आनंद पुरता टिकू दिला नाही. कोकणात अशी उन्हाळी बरीच, असे म्हणून तो बोटांवर मोजू लागला: संगमेश्वराकडे तुरळ, राजवाडी, आरवली, दापोलीकडे उन्हवरे. "तुमचे पूर्वज यातल्या कोणत्याही पाण्याजवळचे असतील. गाव म्हणून सांगितलं असेल, नाहीतर नुसतीच खूण म्हणून." म्हणजे रकाना भरला आणि तरीही रिकामाच राहिला.

तो नमाजाची गर्दी उलगडण्याची वाट पाहत मोटारीकडे गेला, तेव्हा मी भावाजवळ विषय काढला. आईचा निरोप सांगितला. तो बराच वेळ पाटातल्या पाण्याकडे पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "ताई, मी मंगळवारी सही केली. आणखी दोन वर्षे." मी शनिवारी विमानात बसणार होते, हे त्याला ठाऊक होते; मी येण्यापूर्वीच त्याने तो प्रश्न निकालात काढून ठेवला होता.

मी रागावले. नको ते बोलले. कुली हा शब्दही मी वापरला, जो आमच्या घरात वापरीत नाहीत. तो चिडला नाही. म्हणाला, "तो करार पाच वर्षांचा होता, एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापीत. माझ्या करारात तसे नाही. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करावयाचे नाही, असा कायदा आहे. २०२१ पासून करार संपल्यावर जुन्या मालकाच्या परवानगीवाचून दुसरीकडे जाता येते. मुलीचे शिक्षण, घराचे कर्ज. तू हिशेब करून सांग, मी कोणत्या पैशाने परत येऊ?" मी हिशेब केला. तो जुळत नव्हता.

अशा स्मरणिकांतून आपण दरवर्षी आलेल्या माणसांविषयी लिहितो. त्यांचे कष्ट, त्यांची जहाजे, त्यांनी कनवटीला बांधून आणलेली पोथी. मीही लिहिले आहे. त्या पाटाकाठी मला प्रथमच असे वाटले की १८६४ साली त्या कोणत्या तरी उन्हाळ्यापाशी एक बहीण उभी राहिली असेल. तिला पाच वर्षे म्हणून सांगितलेले असेल. तिची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही. मी आजवर स्वतःला त्या जहाजातल्या माणसाची नात समजत आले. आता घाटावर उभी असलेली मी होते.

परतीच्या वाटेवर फारसे कोणी बोलले नाही. खाबूराजवळ थांबून चहा घेतला. राजापूरकराने आपल्या पुतण्याला दूरध्वनी करून उन्हाळे गावातल्या झऱ्याचे छायाचित्र मागविले, आणि सोहारला पोहोचण्यापूर्वी ते आले देखील: एक लहानसा दगडी कुंड, वाफ, कोणाची तरी वाळत घातलेली लुगडी. ते आमचे गाव आहे असे मी म्हणत नाही. छायाचित्र जपून ठेवले आहे.

घरी आल्यावर आईला सारे सांगितले, सहीचेही सांगितले. ती काही वेळ गप्प होती. मग तिने उन्हाळ्याची हकीगत पुन्हा एकदा सांगावयास लावली, आणि विचारले, "त्या पाण्यात त्याने पाय घातले का?"

घातले, असे मी सांगितले.