पेटीतले दोन वरक

अम्मीच्या जहेजची सागवानी पेटी माझ्या घरी आली, तेव्हा तिचा ऑइलपेंट जागोजागी उडाला होता. भाऊ म्हणाला, "आपा, भंगारात देऊन टाक." माझ्या मुलीने मात्र ती पुस्तकांसाठी मागितली. रंग हिरवाच हवा, पण कडा सोनेरी हव्यात, एवढीच तिची अट. मे महिन्याच्या सुट्टीत मी काम हाती घेतलं.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख आपल्याला माहीत आहे. फर्निचरवरचा सोनेरी वर्ख मात्र बहुतेक वेळा सोन्याचा नसतोच, तो पितळेचा असतो. साधारण 14 सेंटिमीटरचा चौकोन, श्वास लागला तरी उडणारा. पहिला चौकोन उचलला तेव्हा पंखा चालू होता. वर्ख थेट कपाटावर जाऊन बसला! मग भर उन्हाळ्यात पंखा बंद करून आम्ही घाम पुसत बसलो.

पण वर्ख लावणं हे शेवटचं काम. आधी पॉलिश पेपरने घासायचं, खाचा बुजवायच्या, रंगाचे दोन हात द्यायचे. जिथे वर्ख बसणार तिथे तांबडा रंग, म्हणजे वर्खाला तडा गेला तरी आतून ऊबदार दिसतं. मग वर्खाचा गोंद. लावताना तो दुधासारखा असतो. पारदर्शक झाला की बोटाचं पेर टेकवून पाहायचं. चिकट लागला पाहिजे, पण बोटाला यायला नको. मी एक ओरखडा तसाच सोडला होता. रंगाखाली तो लपला, वर्ख चढताच चमकून वर आला. वर्ख काही झाकत नाही.

झाकणाच्या आत नानांनी चिकटवलेला एक कागद होता, उर्दूत लिहिलेली यादी. तो खरवडून तिथेही वर्ख लावावा, असं माझ्या मनात होतं. मुलगी मराठी माध्यमात शिकलेली. तिने विचारलं, "काय लिहिलंय?" मी वाचू लागले. तांब्याचा हंडा एक, परात दोन, रजया चार, शिलाई मशीन एक. अम्मीला वाचता येत नाही, पण खाटेवरून ती माझ्या आधीच पुढचं नाव सांगत होती. यादी संपली. अम्मी थांबली नाही.

"और मेरी अम्मी के कंगन. वो लिखे नहीं. उसीच में से ये सब आया."

मी वर्गात शिकवते की 'वर्ख' हा शब्द अरबी 'वरक'वरून आला. वरक म्हणजे झाडाचं पान, वहीचं पानही. त्या दिवशी माझ्या एका हातात खोट्या सोन्याचा वरक होता आणि समोर खऱ्या सोन्याचा हिशेब लपवणारा दुसरा.

निकाहात मेहर देणं नवऱ्यावर बंधनकारक आहे, जहेज मुलीच्या बापावर नाही. हे मी अनेकदा बोलले आहे. पण माझ्या स्वतःच्या लग्नात अब्बांनी पतपेढीचं कर्ज काढलं, तेव्हा मी बीएड झालेली होते, नोकरी करत होते, आणि गप्प होते. ते कर्ज फिटेपर्यंत त्यांनी आमच्याकडे ईदलाही नवा सदरा घातला नाही. हे मी मुलीला त्याच दिवशी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या निकाहाला ही पेटी कुठेच जाणार नाही." अम्मीने मान हलवली.

कागद आम्ही तसाच ठेवला. बाहेरच्या कडांना स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात दिला, कारण पितळेचा वर्ख उघडा राहिला तर काळा पडतो. त्याआधी अम्मीने एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं होतं. तिथे आता काळसर ठसा दिसू लागला आहे. मुलगी म्हणते, तेवढा तुकडा काढून नवा वर्ख लावू.

मी म्हटलं, राहू दे.