काटा दिसेना, दोष डोळ्यांना

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या थोरल्याने माझ्याकडून गाडीची चावी घेतली. भांडून नव्हे, अगदी गोडीगुलाबीने. जेवणे झाल्यावर ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, रातच्यानं तुम्ही गाडी चालवू नोका. दिवसा चालवा, कोनी काही म्हनत नाही." मी काहीच बोललो नाही. खिशातली चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. तीस वर्षे ज्याने आधी ट्रॅक्टर आणि मग पिकअप चालवली, त्याला असे सांगितले गेले की कसे वाटते, हे माझ्या वयाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्याचे कारण असे घडले होते.

आम्ही मालेगाव तालुक्यातले. मालेगाव म्हणजे नाशिककडचे नव्हे, आमच्या वाशीम जिल्ह्यातले. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही अकोल्याचेच होतो; म्हणून आमच्या पिढीची पावले अजून आपसूक अकोल्याकडे वळतात. वाशीमची बाजार समिती जवळ असली तरी दोन पैसे जास्त मिळतील अशा आशेने मी सोयाबीन कधीकधी अकोल्याला नेतो. त्या दिवशी तेच केले. जाताना माल भरलेला, पण पातूरचा घाट उतरणीचा, त्यामुळे इंजिनाला त्रास नाही. येताना हरभऱ्याचे बियाणे आणि खताच्या पिशव्या भरल्या होत्या आणि रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तोच घाट आता चढायचा होता.

आमची पिकअप जुनी आहे. तिच्या मीटरमधले दिवे वर्षभर मंद होत होते. एकदम गेले असते तर लक्षात आले असते. पण मंद होणारी गोष्ट माणसाला कळत नाही; केस पांढरे होतात तसे ते होत राहते. आधी स्पीडचे आकडे दिसेनासे झाले, मग डिझेलचा काटा, मग पाण्याच्या तापमानाचा. मी स्टिअरिंगवर वाकून पाहायचो. काटा कुठेतरी मधोमध असावा असे धरून चालायचो. त्या रात्रीही तसेच धरून चाललो. रेडिएटरचा रबरी पाइप चिरला होता आणि पाणी हळूहळू गळत होते. अर्ध्या घाटात उकडलेल्या रंगासारखा वास आला आणि मग बॉनेटखालून वाफ. गाडी कडेला घेतली. मोबाइलचा उजेड मीटरवर पाडला तर काटा पार तांबड्या पट्ट्याच्या टोकाला टेकलेला. केव्हापासून टेकला होता, देव जाणे.

(जाता जाता सांगून ठेवतो. अशा वेळी रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. आत दाबाखाली उकळते पाणी असते, ते थेट तोंडावर येते. इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबा.)

हेड गॅस्केट गेले होते. हेड उतरवावे लागले, घासून सपाट करून घ्यावे लागले. ऐन सुगीत गाडी १२ दिवस उभी आणि १८ हजार रुपये खर्च. शिवाय त्या १२ दिवसांत दुसऱ्याची गाडी भाड्याने सांगावी लागली, तो हिशेब निराळा. घरी सगळ्यांनी विचारले, काटा पाहिला नाही का? मी खरे तेच सांगितले, की दिसला नाही. आणि तिथेच मी फसलो. सगळ्यांनी ठरवले की माझे डोळे गेले. मलाही ते पटले. चावी गेली ती त्यामुळे.

मग डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी सांगितले, मोतिबिंदू अजून नाही, नंबर थोडा वाढला आहे. वय वाढले की डोळ्याला तेच वाचायला तरुणपणापेक्षा पुष्कळ जास्त उजेड लागतो, हेही त्यांनी नीट समजावून सांगितले. नवा चष्मा केला. पंचांगातली बारीक अक्षरे लख्ख दिसू लागली. एका संध्याकाळी अंगणातच गाडीत जाऊन बसलो, दिवे लावले आणि मीटरकडे पाहिले. काटा दिसेना!

घरची ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिला मी म्हणालो, चष्म्याचे पैसे पाण्यात गेले. ती उठून आली, माझ्या शेजारी बसली, मीटरकडे पाहिले आणि म्हणाली, "मले बी दिसत नाही. आता माहे बी डोये गेले काय? दिव्याले पाहा न आधी." तिची गोष्ट खरी होती. वर्षभरात हे कोणालाच सुचले नव्हते, मला तर नाहीच. आमच्या लहानपणी आई रोज दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच राखेने पुसायची. काच काळी झाली म्हणून तिने कधी कोणाच्या डोळ्यांना बोल लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मालेगावला वायरिंगच्या मिस्त्रींकडे गाडी घेऊन गेलो. दिवसाउजेडी, त्यामुळे चावी मिळाली. या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. ते कमी बोलतात आणि हाताने जास्त दाखवतात, म्हणून त्यांच्याकडे बसून पाहण्यात फायदा असतो. मी स्टूल घेऊन बसलो.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, इंडिकेटर देला का मीटरचा लाइट बी मिचकते काय?" मी चमकलो. मिचकायचा. इंडिकेटर टक-टक करू लागला की मीटरमधला तो मेणबत्तीएवढा उजेड त्याच तालावर वर-खाली व्हायचा. हेडलाइट लावला की डिझेलचा काटाही थोडा सरकायचा. हे मी वर्षभर पाहत होतो आणि जुन्या गाडीची खोड म्हणून सोडून देत होतो. चाचा म्हणाले, "मंग बल्बाच्या आधी अर्थिंग पाहू."

गाडीच्या विजेला जायला तार असते, पण परत यायला बहुतेक ठिकाणी गाडीचा पत्राच वापरलेला असतो. मीटरच्या मागून एक काळी तार निघते आणि बोल्टने पत्र्याला कसलेली असते. तोच विजेचा परतीचा रस्ता. तिथे गंज चढला तर वीज अडखळते. मग ती दुसऱ्या दिव्याच्या तारेतून वाट काढू पाहते, आणि म्हणून एक दिवा लागला की दुसरा मिचकतो. आता माझ्या गाडीत गंज का चढला, तर मी पावसाळ्यात युरियाच्या पिशव्या मागे भिजू नयेत म्हणून कॅबिनमध्ये पायाशी ठेवतो. युरिया सांडतो, ओल धरतो आणि पत्रा खातो. बोल्ट नेमका पायाजवळच्या पट्टीत होता.

चाचांनी हातभर तार घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला जोडले आणि दुसरे त्या काळ्या तारेच्या तोंडाला नुसते टेकवले. मीटर भक्कन उजळले! तार काढली की पुन्हा अंधार, टेकवली की उजेड. चार वेळा त्यांनी ते मला करून दाखवले. एकही बल्ब अजून बदललेला नव्हता.

मग मीटरने व्होल्टेज मोजले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ आणि बल्बाच्या तोंडाशी १०.९. मला वाटले, फरक फार नाही, पाचवा हिस्सा कमी. पण तापलेल्या तारेच्या बल्बाचे गणित तसे सरळ चालत नाही. व्होल्टेज थोडे उतरले की उजेड त्याच्या कितीतरी पट उतरतो. पाचवा हिस्सा व्होल्टेज गेले की उजेड निम्म्याच्याही खाली जातो.

बोल्ट काढला, तारेचे तोंड आणि पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, नवा बोल्ट वायसर घालून कसला आणि वरून ग्रीस फासले. एवढ्याने अर्धे काम झाले.

उरलेल्या अर्ध्यासाठी मीटर बाहेर काढावा लागला. हे काम घरी करणाऱ्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. समोरच्या पट्टीचे स्क्रू काढले, मागची स्पीडची केबल सोडली, की मीटर हातात येतो. घाईने ओढला तर केबल तुटते. मागे बल्बाचे होल्डर असतात, पाव वळसा फिरवला की निघतात. आमच्याकडे उजेडाचे चार बल्ब होते. एक गेलेला. दोन आतून काळे पडलेले. बल्बाची तार झिजून झिजून काचेवर आतून बसते, ती कंदिलाच्या काचेसारखी राखेने पुसता येत नाही. चौथा मात्र अगदी नवा दिसत होता आणि तरीही त्याचा उजेड नसल्यासारखा. चाचांनी तो डोळ्याजवळ धरून वाचला आणि हसले. २४ व्होल्टचा! मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, आमच्या पिकअपची १२ ची. २४ चा बल्ब १२ वर लागतो, पण दहावा हिस्सासुद्धा उजेड देत नाही. तो कोणी बसवला ते कृपा करून विचारू नका. मीच बसवला होता, दोन वर्षांपूर्वी, दिसायला सारखा म्हणून.

नवे चारही बल्ब जुन्यावर लिहिलेल्या वॅटचेच घेतले. जास्त उजेडासाठी मोठ्या वॅटचा बल्ब घालण्याचा मोह होतो. त्याच्या उष्णतेने आतले प्लास्टिक वितळते. होल्डरच्या पितळी पट्ट्या खोडरबराने घासल्या. मीटरच्या डब्याचा आतला पांढरा रंग पिवळा पडून उडाला होता, तो पुन्हा दिला. त्या जागी मी चॉकलेटची चंदेरी कागदी चिकटवायची कल्पना मांडली. चाचा म्हणाले, ती सुटून मागच्या पट्टीला लागली तर फ्यूज जाईल. कल्पना मागे घेतली.

थोरल्याने फोनवरून एलईडी बल्ब मागवून ठेवले होते. त्यातले चार उजेडासाठी बसवायला चाचांची हरकत नव्हती. न लागल्यास उलटा करून बसवायचा, एवढेच. पण बॅटरीचे चित्र असलेल्या तांबड्या दिव्याला त्यांनी हात लावू दिला नाही. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या दिव्यातून जाणाऱ्या विजेवरच अल्टरनेटर जागा होतो. तिथे एलईडी घातला तर पुरेशी वीज जात नाही आणि बॅटरी चार्ज होणे थांबू शकते. मला तर एलईडीचा निळसर उजेड रात्री डोळ्यात खुपतो. मी साधे पिवळे बल्बच ठेवले. थोरला थोडा नाराज झाला, पण गाडी अजून माझ्या नावावर आहे.

सगळा खर्च, मजुरी धरून, ४०० रुपयांच्या आत. मागे १८ हजार गेले होते, हे मी घरी कोणाला काढून दाखवले नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी लेक अकोल्याच्या स्टेशनवर रात्रीच्या गाडीने उतरणार होती. थोरला पाणी द्यायला शेतात जाणार होता. थ्रीफेज लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती. त्याने चावी आणून मुकाट्याने माझ्यासमोर ठेवली. मग गाडीत डोकावून दिवे लावून मीटर पाहिला, आणि गेला.

घरची सोबत निघाली. घाट उतरलो, लेकीला घेतले आणि परत चढणीला लागलो. त्याच वळणावर मी खाली पाहिले. काटा निम्म्यावर, आकडे स्वच्छ. मी काही बोललो नाही. मधे बसलेली घरची मात्र नातवाला मांडीवर घेऊन मीटरकडेच पाहत होती.

"डिझेल पावभर बी नाही," ती म्हणाली. "पातूरलेच भरून घ्याले पाह्यजे होतं तुम्ही."