शिफारसपत्र कोण लिहिणार?

बेंगळुरूत आमच्या भागातली बहुतेक मुलं दहावी झाली की शाळा सोडतात आणि पीयू (प्री-युनिव्हर्सिटी, म्हणजे अकरावी-बारावी) कॉलेजात जातात. फर्स्ट पीयू, सेकंड पीयू, की संपलं. पुढे केसीईटी, कॉमेडके, जेईई. या परीक्षांना गुण पुरतात. मूल कसं आहे हे तिथे कोणी विचारत नाही. माझ्या मुलीने अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदाच आला. निबंध, गुणपत्रिका, पैशांची जुळवाजुळव हे सगळं आमच्या हातातलं होतं. ‘एलओआर’, म्हणजे शिक्षकांची शिफारसपत्रं, तेवढी नव्हती.

शाळेतल्या बाईंनी तिला पहिलीपासून पाहिलेलं. त्यांनी आनंदाने लिहिलं असतं. पण बहुतेक विद्यापीठांना अकरावी-बारावीच्या शिक्षकांचीच पत्रं हवी असतात. पीयूच्या भरगच्च वर्गात लेक्चरर येतात, फळा भरतात, पुढच्या वर्गावर जातात. संध्याकाळी मुलं क्लासला पळतात. ओळख व्हायला फुरसत असते कुठे?

एका लेक्चररनी सरळ सांगितलं, “तूच लिहून आण, मी सही करतो.” मुलगी तशीच परत आली. मला राग आला, पण त्यांच्यावर फार वेळ राहिला नाही. हातात उत्तरपत्रिकांचा ढीग, असं पत्र आयुष्यात कधी लिहिलेलं नाही, आणि कॉलेज त्या कामाची कुठेच नोंद घेत नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या शिफारसपत्रं अशीच झाली आहेत. खरा संताप आला तो एका सल्लागाराचा. शिक्षकांच्या नावाने ईमेल खातं उघडून पत्र ‘आम्हीच टाकतो’ म्हणाला. मुलीनेच त्याला नकार दिला. स्वतःची स्तुती स्वतः लिहून दुसऱ्याच्या नावावर खपवायची, तर ते पत्र कशाला म्हणायचं?

कॉमन ॲप या अर्ज करण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेत विद्यार्थ्याने शिक्षकाचं नाव आणि ईमेल भरायचा. दुवा थेट शिक्षकाकडे जातो आणि पत्र तेच चढवतात. पत्र पुढे पाहण्याचा हक्क मी सोडतो, असंही विद्यार्थी आधीच लिहून देऊ शकतो. मुलीने तसं दिलं. शिक्षकाला मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून. आईबापांना ते जरा कठीण जातं, पण मला ते पटलं.

तिला आठवले फिजिक्स लॅबचे सर. फर्स्ट पीयूपासून प्रॅक्टिकल तेच घ्यायचे. मीटर ब्रिजच्या प्रयोगात दोन्ही गॅपमधले रोध अदलाबदल करून पुन्हा मोजायचं असतं. उत्तर जवळपास तेच यायला हवं. हिचं येत नव्हतं. बाकीच्यांनी जुळणारे आकडे रेकॉर्ड बुकात उतरवून घेतले. ही न जुळणारे आकडे तसेच लिहून सरांकडे गेली. दोघांनी मिळून पाहिलं तर तांब्याच्या पट्टीवरचा स्क्रू सैल होता. तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. सरांच्या दृष्टीने नव्हता. ती पत्र मागायला गेली तेव्हा त्यांनीच विचारलं, “ते रेकॉर्ड बुक आहे का अजून?”

त्यांनी तिला दसऱ्याच्या सुट्टीआधी तासभर बसवून घेतलं. घरी काय वाचतेस, कुठे अडतेस, चिडतेस कधी. शिक्षकांच्या फॉर्ममध्ये एक तक्ताही असतो: हा विद्यार्थी सरासरी, की वरच्या दहा टक्क्यांत, की आजवर पाहिलेल्या मोजक्यांपैकी? सर म्हणाले, “सगळीकडे वरची खूण करणार नाही. पाहिलंय तेवढंच लिहीन.” हे तिने घरी येऊन सांगितलं आणि मी निश्चिंत झाले.

मला त्या दिवसांत केळुसकर गुरुजींची फार आठवण येत होती. कृष्णराव अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कूलचे शिक्षक. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. म्हणजे तो त्यांच्या वर्गातला मुलगाही नव्हता. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसलेला त्यांना दिसायचा, म्हणून त्यांनी चौकशी केली, पुस्तकं दिली. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 मध्ये बडोद्याच्याच मदतीवर आंबेडकर कोलंबियाला गेले. तिथल्या प्राध्यापक सेलिग्मन यांनीही 1920 साली लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं. सेलिग्मनांचं पत्र मोठ्या विद्वानाचं. पण त्याआधी बागेतल्या मुलाकडे थांबून पाहणारे गुरुजी होते. गुण पाहून ते थांबले नव्हते, वाचताना पाहून थांबले होते.

दुसरं पत्र इंग्रजीच्या मॅडमनी दिलं. अर्जासोबत लागणारा समुपदेशकाचा फॉर्म राहिला; कॉलेजात समुपदेशकच नव्हता. प्राचार्यांनी तो स्वतः भरला, आणि कर्नाटकात दुसऱ्या पीयूचे गुण सहाशेपैकी कसे दिले जातात हे सोबतच्या कागदात समजावून लिहिलं. 1 नोव्हेंबरच्या मुदतीआधी सगळं चढलं. सरांचं पत्र आदल्या संध्याकाळी गेलं. त्यात काय आहे ते आम्हाला माहीत नाही.

आता सोसायटीतले पालक ऑगस्टमध्ये विचारायला येतात, पत्रं कशी मिळवायची. मी त्यांना पहिलं हेच विचारते, की तुमच्या मुलाला कॉलेजात कोण ओळखतं? बरेच जण गप्प होतात. म्हणून यंदा प्राचार्यांना भेटून विनंती केली, की जूनमध्ये फर्स्ट पीयू सुरू होतानाच लॅबच्या तुकड्या लहान करा आणि दोन वर्षं एकाच शिक्षकाकडे ठेवा. परदेशी जाणाऱ्या चार मुलांसाठी नाही, सगळ्यांसाठी. वेळापत्रकात बसतं का ते पाहतो म्हणाले. मी पुन्हा जाणार आहे.