फुप्फुसें आणि चुलीचा धूर

मनुष्याचें फुप्फुस म्हणजे लोहाराच्या भात्यासारखी पोकळ पिशवी, अशी पुष्कळांची समजूत असते. परतूरसारख्या गांवीं भाता सर्वांच्या पाहण्यांतला; म्हणून ही उपमा चटकन पटते. परंतु भाता हवा घेतो व तीच बाहेर टाकतो. फुप्फुस मात्र हवेशीं देवघेव करितें, आणि त्याची सर्व रचना या देवघेवीसाठींच आहे.

श्वासनलिका छातींत उतरल्यावर दुभंगते, आणि वृक्षाप्रमाणें तिला सुमारें २३ वेळां फांटे फुटत जातात. शेवटच्या डहाळ्यांस वायुकोशांचे झुबके असतात. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. ते उलगडून पसरतां आले, तर सुमारें ७० चौरस मीटर जागा व्यापतील; म्हणजे सात नऊवारी लुगडीं शेजारीं शेजारीं अंथरल्यासारखें होईल! फुप्फुसें नुसत्या दोन पोकळ पिशव्या असतीं, तर आंतला पृष्ठभाग एखाद्या मोठ्या हातरुमालाहून फारसा अधिक भरला नसता.

वायुकोशाची भिंत व तिला बिलगलेल्या केशवाहिनीची भिंत मिळून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतात. त्यांतून प्राणवायू रक्तांत शिरतो व कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. आपण स्वस्थ बसलों असतां तांबडी रक्तपेशी तेथें सुमारें पाऊण सेकंदच असते; पण प्राणवायू घेण्यास तिला त्याचा तिसरा हिस्सा पुरतो. म्हणूनच धांवतांना रक्त वेगानें वाहिलें तरी तें रित्या हातीं परतत नाहीं.

परंतु हें पातळपणच नाजूकपणही होय. आमच्या आईनें कित्येक वर्षें फुंकणीनें चूल पेटविली. ओल्या पऱ्हाट्यांचा धूर स्वयंपाकघरांत कोंडून राही. आज ती गॅसवर स्वयंपाक करते, पण जिना चढतांना अर्ध्यावर थांबते. डॉक्टरांनीं आम्हांस कारण समजाविलें. वर्षानुवर्षांच्या धुरानें वायुकोशांमधल्या भिंती झडतात. भिंत पडली म्हणजे खोली मोठी होते खरी. पण जेथें भिंतच देवघेवीची जागा, तेथें मोठी खोली हा तोटाच. आणि पडलेली भिंत औषधानें पुन्हां उभी राहत नाहीं.

२०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें अनेक घरीं गॅस पोहोंचला. तरी सिलिंडर संपला कीं चूल पेटतेच. तेव्हां विद्यार्थी बंधुभगिनींनो, सरपण वाळवून ठेवण्याचें काम आपण पत्करावें, धुराड्याची वाट मोकळी ठेवावी, आणि धाकट्या भावंडांस चुलीजवळ बसूं देऊं नये. आपल्या आयांचा श्वास राखण्याचें एवढें काम तरी आपल्या हातचें आहे.